नॉमिनी म्हणजे मालकीण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोथरूडमधली आमची सोळा फ्लॅटची सोसायटी पुनर्विकासाला निघाली आहे. सचिव म्हणून मी कपाटातली सगळी शेअर सर्टिफिकेटं बाहेर काढली. फक्त बाईच्या नावावरची दोन, त्या दोघीही विधवा. पाचांवर बायकोचं नाव दुसरं. उरलेली नऊ निव्वळ पुरुषांची, त्यात आमचंही. हप्ते ह्यांच्या पगारातून गेले. माझा पगार दूध, किराणा, मुलांची फी आणि सासूबाईंच्या औषधांत संपायचा, आणि त्याच्या पावत्या कोण ठेवतं?

दुसऱ्या मजल्यावरच्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. ‘मी नॉमिनी आहे, म्हणजे घर माझंच,’ या समजुतीत काका गेल्यापासून सहा वर्षं त्या निर्धास्त होत्या. नॉमिनी मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो, हे त्यांना आमच्या मीटिंगमध्ये कळलं. मृत्युपत्र नाही, त्यामुळे काकू आणि तीन मुलं, प्रत्येकाचा चौथा हिस्सा. मुलीने हक्कसोडपत्रावर लगेच सही केली. परदेशातल्या थोरल्याने आधी नव्या फ्लॅटचा कार्पेट एरिया विचारला. काकूंनीही पूर्वी सांगलीच्या घरावरचा हक्क भावांसाठी असाच सोडला होता. मृत्युपत्राविना गेलेल्या वडिलांच्या मिळकतीत हिंदू मुलीला 1956 च्या कायद्यानेच वाटा आहे, 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलाइतकाच. पण हिस्सा मागून माहेरी जायचं कुठल्या तोंडाने? तेव्हा मिळालेली पैठणी काकूंकडे अजून आहे.

राज्य सरकारने 1 एप्रिल 2021 पासून महिला खरेदीदारांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत दिली. पंधरा वर्षं ते घर पुरुषाला विकायचं नाही, ही विचित्र अटही 2023 मध्ये काढली, बरं झालं. पण दस्तात नवऱ्याचं नाव आलं की सवलत गेली. ऐंशी लाखांच्या फ्लॅटवर हे ऐंशी हजार होतात. एकट्या सुनेच्या नावावर घर करायला किती घरं तयार होतात? ‘सवलत नाहीच, मग तिचं नाव कशाला,’ हे मी परवाच एका ओळखीच्या घरी ऐकलं. पती-पत्नीच्या संयुक्त खरेदीला, पहिलं नाव पत्नीचं असेल तर, निदान अर्धा टक्का तरी द्यावा.

आमच्या इमारतीचे करार सुरू झाले आहेत. काकूंचा तेवढा अडला आहे. धाकट्याची सही झाली, थोरल्याची यायची आहे.

– एक सोसायटी सचिव, कोथरूड, पुणे