क्षयरुग्णांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या गोगोंस जाहीर आभारपत्र

आदरणीय गोगो,

सादर प्रणाम.

दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलु-नाताळ प्रांताच्या उत्तर भागातील ग्रामीण रुग्णालयात मी डॉक्टर असताना तुम्ही पारंपरिक वैद्य म्हणून आमच्या क्षयरुग्णांसाठी जे केलेत, त्याबद्दल हे पत्र लिहीत आहे. 'गोगो' म्हणजे झुलू भाषेत आजी; पारंपरिक वैद्यांनाही आदराने असेच म्हणतात. ते मराठीत लिहिण्याचे कारण एवढेच, की आफ्रिकेतील पारंपरिक वैद्य म्हणजे निव्वळ जादूटोणा, हा माझ्या माणसांतला समज दूर व्हावा.

सोन्याच्या खाणीतून खोकत घरी परतलेला तो तरुण आमच्याआधी तुमच्याकडे आला होता. कोणीतरी अन्नातून करणी केली, म्हणजे तुमच्याकडे म्हणतात तसे 'इडलिसो' झाले, अशी त्याच्या घरच्यांची खात्री होती. तुम्ही त्यांना वेड्यात काढले नाहीत. पूर्वजांसाठीचा विधी तुम्ही यथासांग केलात. मात्र रात्रीचा घाम, खंगलेले अंग आणि कित्येक आठवडे न थांबलेला खोकला पाहून थुंकी तपासण्यासाठी त्याला स्वतः दवाखान्यात घेऊन आलात. अशक्त रुग्णाला उलटीचे किंवा एनिमाचे औषध द्यायचे नाही, हेही तुम्ही कटाक्षाने पाळलेत. अशा औषधांनी शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण मी पाहिले आहेत, त्यामुळे तुमच्या या निर्णयाचे मोल मी जाणते.

पुढचे सहा महिने त्याच्या गोळ्या तुमच्या इंदुम्बामध्ये, म्हणजे उपचाराच्या झोपडीत, वाळलेल्या मुळ्यांच्या जुड्यांशेजारी, इम्फेफो या धूपासारख्या जाळायच्या वनस्पतीच्या धुराच्या वासात ठेवलेल्या असत. रोज सकाळी तो तुमच्यादेखत गोळ्या गिळे आणि मग तुम्ही कार्डावर खूण करत असा. तो आला नाही, तर तुम्ही त्याच्या घरी जात असा. याच प्रांतातल्या ह्लाबिसा भागात पूर्वी असाच प्रयोग झाला, तेव्हा पारंपरिक वैद्यांच्या देखरेखीखालील 89 टक्के रुग्णांनी उपचार पूर्ण केले होते, तर इतरांच्या देखरेखीखालील 67 टक्के रुग्णांनी. हा फरक कशामुळे पडत असावा, हे मला तुमच्या अंगणात उमगले: दवाखान्याचा रस्ता लांबचा आणि टॅक्सीचे भाडे न परवडणारे, पण तुमचे घर हाकेच्या अंतरावर आणि तुमचा शब्द मोडण्याची कोणाची प्राज्ञा नाही.

दक्षिण आफ्रिकेत 2007 च्या कायद्याने तुमच्या व्यवसायाला मान्यता दिली. तरीही तुम्ही पाठवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे तुम्हाला लेखी कळवण्याची पद्धत आमच्याकडे नव्हती. म्हणून ते इथे कळवते: थुंकीच्या शेवटच्या तपासणीत जंतू आढळले नाहीत, उपचार पूर्ण झाल्याची नोंद झाली आहे आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीच्या रकान्यात तुमचे नाव लिहिलेले आहे.

आपली ऋणी,
एक मराठी डॉक्टर