मध्यस्थी नको, पण वकिलातीवर राग कशाला?

मा. संपादक, नमस्कार.

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, आमच्याकडं झेंडावंदन झाल्यावर एका वक्त्यानं सांगितलं की दिल्लीतल्या परदेशी वकिलाती बंद करा, युनोच्या लोकांना हाकलून द्या, आणि मांडवात जोरात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी पण होतो. घरी आल्यावर मात्र चैन पडेना म्हणून हे लिहितोय.

राग मला कळतो, तो आमच्या घरातलाच आहे. १९४८ च्या उन्हाळ्यात रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांच्या भीतीनं माझी आज्जी रात्रीची पैनगंगा उतरून उमरखेडला गेली, कडेवर माझे वडील, डोक्यावर एक गाठोडं, आणि पितळेची भांडी परसात पुरून ठेवलेली. अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं वऱ्हाड, मधे गुडघाभर पाणी, बस. त्याच वर्षी २१ ऑगस्टला निजाम सरकारनं भारताविरुद्ध युनोच्या सुरक्षा परिषदेकडं तक्रार केली. १३ सप्टेंबरला पोलीस अ‍ॅक्शन, म्हणजे निजामाविरुद्ध भारतीय सैन्याची कारवाई सुरू झाली, १६ ला तिकडं पॅरिसमधे तक्रारीवर बैठक बसली आणि १७ ला इकडं निजाम शरण आला, मग २२ ला त्यानंच कळवलं की तक्रार मागं घेतो. भांडी पुरून नदी उतरलेल्या बाईला काय भोगावं लागलं हे त्या पॅरिसच्या बैठकीत कोण विचारणार होतं?

म्हणून मे २०२५ मधे ट्रम्प यांनी आपली पाकिस्तानबरोबरची युद्धबंदी स्वतःच जाहीर करून टाकली आणि वर काश्मीरवर मध्यस्थीचं बोलू लागले तेव्हा गावागावात जो संताप झाला तो खरा होता. १९७२ च्या सिमला करारात दोन देशांनी आपसात मिटवायचं ठरवलंय, मग हा तिसरा कोण? २०१४ ला सरकारनं काश्मीरच्या ताबारेषेवर लक्ष ठेवणाऱ्या युनोच्या निरीक्षक गटाला दिल्लीतला फुकट वापरातला बंगला सोडायला सांगितला ते पण योग्यच झालं. यात माझं काडीचं दुमत नाही.

पण वकिलात ही मध्यस्थी नव्हे हो. माझा भाचा सौदीला ड्रायव्हर म्हणून गेलेला, मालकानं पासपोर्ट काढून घेतला, पाच महिने पगार नाही, फोनवर नुसता रडायचा. बहिणीनं त्या दिवसांत धड जेवण केलं नाही. शेवटी तो कसाबसा आपल्या वकिलातीत पोचला, तिथं त्याला इमर्जन्सी सर्टिफिकेट, म्हणजे पासपोर्ट नसताना मायदेशी परतायचा कागद मिळाला, त्या एका कागदावर लेकरू घरी आलं. सौदीतल्या लोकांनी पण उद्या तेच म्हटलं, परक्यांच्या वकिलाती बंद करा, तर मराठवाड्यातून गेलेल्या असल्या पोरांनी कुणाचं दार वाजवायचं?

२०१३ ला न्यूयॉर्कमधे आपल्या महिला राजनैतिक अधिकाऱ्याला अटक करून अंगझडती घेतली तेव्हा अख्खा देश चिडला होता, सरकारनं दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीसमोरचे बॅरिकेड काढून टाकले होते. आपलं म्हणणं तेव्हा काय होतं, तर आमच्या अधिकाऱ्याचा मान ठेवा. तोच मान इथं आलेल्यांना द्यायचा नाही असं कसं चालेल. त्यांच्या सरकारचं धोरण पटत नसेल तर निवेदन द्या, मोर्चा काढा, आपल्या खासदाराला संसदेत बोलायला लावा, मी येतो सोबत.

त्या वक्त्यानं एकदा आमच्याकडं यावं. भाच्याच्या कागदाची झेरॉक्स बहिणीनं आज्जीच्या पितळी डब्यात ठेवलीय, ती दाखवतो.

एक वाचक, ता. हदगाव, जि. नांदेड