ते ठोकळे आधी काढ

कराड,
रविवार, दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन तू ठेवलास की आपोआप बंद पडला, ते मी विचारत नाही. तुझी आई म्हणते रेंज गेली असेल. असेलही. पुन्हा फोनवर बोलायला गेलो तर माझा आवाज पुन्हा चढायचा, म्हणून वहीचं पान घेतलं. बंडू फोटो काढून पाठवील. अक्षर लागलं नाही तर त्याला विचार, त्याने दहा वर्षं माझी बिलं वाचलीत.

चिमीने पाठवलेला फोटो बघितला. गाडीखालून तुझे दोन पाय बाहेर आलेले, एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, आणि खाली तिने लिहिलंय, ‘आई मिस्तरी झाली’. तुझ्या आईने तो निम्म्या आळीला दाखवला. मीही स्टँडवर दोघातिघांना दाखवला, खोटं कशाला बोलू. मग रात्री पडल्या पडल्या बोटांनी मोठा करून बघितला, तेव्हा पुढच्या चाकाशेजारी ते राखाडी ठोकळे दिसले. एकावर एक दोन. सिमेंटचे, पोकळ, भोकं आडवी करून ठेवलेले.

ताई, ते काढ. आधी ते काढ, मग पुढचं वाच.

पोकळ ठोकळा भिंतीत चालतो, कारण तिथं भार सगळीकडे सारखा बसतो. गाडीचा भार एका टोकावर येतो. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, लोखंड वाकतं, माणसाला हात काढून घ्यायला तेवढी सवड मिळते. हा ठोकळा काही सांगत नाही, एकदम भुगा होतो. आणि तुझी ती सिल्व्हरॅडो पिकअप दोन टनांच्या वर भरते. घोड्या, म्हणजे उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड, विकत आण. तीन-तीन टनांची जोडी मिळते म्हणून बंडूने बघून सांगितलं. पैसे लागतात तर लागू देत.

झालं. ठोकळ्यांचं पुन्हा काढणार नाही.

आता फिल्टरचं. त्या दिवशी तू म्हणालीस गिअरबॉक्सचा फिल्टर बदलायचाय, तेव्हा मी हसलो. ते चुकलंच माझं. तुमच्याकडे पिकअपलाही ट्रक म्हणतात हे मला माहीत होतं, पण गिअरबॉक्सला फिल्टर हे काही डोक्यात बसेना. चाळीस वर्षांत टाटा १२१० झाल्या, १६१३ झाल्या, लेलँडची कॉमेट झाली, एकाही गिअरबॉक्सला मी फिल्टर बघितला नाही. आपलं काम सरळ. खालचा नट खोलायचा, जुनं तेल काकवीसारखं गळू द्यायचं, चुंबकाचा नट असला तर पुसायचा, बाजूच्या भोकातून ९० नंबर गिअर ऑइल भरायचं आणि त्याच भोकातून परत यायला लागलं की बूच लावायचं. दात तेलात भिजले की झालं.

तुझी ऑटोमॅटिक. बंडूने मला मोबाईलवर दाखवलं, चार वेळा बघितलं. त्यात तेल नुसतं वंगण नाही, सगळं काम तेलाच्या दाबावरच चालतं. पंप खालच्या चेंबरमधून, म्हणजे तेलाच्या भांड्यातून, तेल ओढतो ते फिल्टरमधूनच. फिल्टर तुंबला की पंपाला तेल पुरत नाही, दाब पडतो, क्लचच्या प्लेटी घसरायला लागतात आणि जळतात. म्हणजे तू म्हणत होतीस ते बरोबर होतं. माझ्यासारख्या जुन्या मिस्त्रीला तू समजावून सांगितलंस आणि मी ऐकून घेतलं नाही.

तरी दोन गोष्टी सांगतो, पाना हातात धरलेला माणूस म्हणून. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात असं तूच सांगितलं होतंस. म्हणजे चेंबरचे बोल्ट गंजलेले असणार. आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेव. अडकलेल्या बोल्टला एकदम जोर लावू नको, थोडा मागे, थोडा पुढे, असा खेळवत काढ. चेंबरला तळाला बूच नसेल तर एका बाजूचे बोल्ट पूर्ण काढायचे, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले ठेवायचे, म्हणजे चेंबर तिरका होऊन तेल एका कडेने परातीत येतं. सगळे एकदम काढलेस तर अंघोळ होईल. गाडी नुकती पळवून आणली असली तर थांब, ते तेल भाजतं. फार गारही नको, कोमट असावं.

चेंबरमधल्या चुंबकावर राखाडी लगदा दिसेल, मिसरीसारखा मऊ. तो असायचाच. चकाकणारे कपचे दिसले, बोटाला टोचले, तर पुढं काही करू नको, मला फोटो पाठव. तेलाचा वासही घे. लालसर असलं तर बरं. काळपट आणि करपलेल्या दुधासारखा वास येत असला तर आतल्या प्लेटी गेल्यात.

फिल्टर खाली ओढला की त्याची रबरी सील वर भोकातच अडकून राहते. तीच माणसं विसरतात आणि नवी तिच्यावर ठोकतात. जुनी काढताना स्क्रू ड्रायव्हरने भोकाला ओरखडा पाडू नको, ते अॅल्युमिनियम आहे. ओरखडा पडला की पंप तिथून हवा ओढणार. नवा फिल्टर जुन्याशेजारी ठेवून बघ. या गिअरबॉक्सला खोल चेंबर आणि उथळ चेंबर असे दोन प्रकार येतात आणि दोघांचे फिल्टर वेगळे. दुकानातला पोरगा देईल तो घेऊन खाली शिरू नको.

खाली शिरू नको म्हटलं आणि बघ, परत तिथंच आलो.

तू म्हणालीस, ‘नाना, तुम्ही सगळा जन्म गाडीखाली काढलात.’ हो, काढला. पण माझ्याबरोबर गॅरेजात कायम चार माणसं असायची. कोणी तरी हाक ऐकायचं. तुझ्याकडे कोण आहे? चिमी नऊ वर्षांची. ती बाहेर उभी राहून फोटो काढत होती. तो गाडी ठेवून गेला तेव्हा निदान हत्यारं तरी ठेवून गेलाय का, हेही मी विचारत नाही. विचारणार नाही असं मी आईला कबूल केलंय.

तू सातवीत असताना डबा घेऊन गॅरेजात यायचीस. आठवतं का, डिझेलच्या ट्रेमध्ये नटबोल्ट धुवायला बसायचीस आणि आकारावारी लावून ठेवायचीस. बंडूला कधी जमलं नाही ते, अजून नाही जमत. एकदा रिंग पाना मागितला तर मी नंबर सांगायच्या आत तू १७-१९ चा काढून दिलास, नट लांबून बघून. मिस्त्री लोक बघत राहिले. त्याच संध्याकाळी मी तुला सांगितलं, उद्यापासून डबा बंडू आणील. कारण सांगितलं नाही. आक्का म्हणाली, पोरगी मोठी झाली, हायवेचं गॅरेज आहे, ड्रायव्हर लोक असतात. मला पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं. तू आठवडाभर बोलली नव्हतीस. आता सिन्सिनाटीत तुझे पाय गाडीखालून बाहेर आलेले बघून मला वाटलं, ते नट आकारावारी लावलेले अजून कुठं तरी तसेच आहेत.

असो. लेक्चर द्यायला बसलो नव्हतो.

एक गोष्ट तुला माहीत नाही. दत्तूकाकाचा हात.

तुला आम्ही सांगितलं होतं की उसाच्या चरकात गेला. तू लहान होतीस, ते पुरलं. पुढं कधी दुरुस्त केलं नाही. १९८९ च्या मे महिन्यात शिरवळच्या अलीकडे एक गुळाची गाडी बसली होती, स्प्रिंगचा मेन पाटा तुटलेला. मी आणि दत्तू जीपमधून गेलो. दुपारचे दोन. गाडी भरलेली, ढेपा उतरवायला माणसं नाहीत. जॅक मी लावला. डांबरावर लावला. खाली फळी ठेवायची असते. फळी जीपमध्ये मागे होती, टायरखाली दाबलेली. ती काढायला दोन मिनिटं लागली असती. मी म्हटलं, होतंय एवढ्यात.

दत्तू यू-बोल्ट सोडवत होता. डांबर उन्हाने मऊ झालेलं. जॅकचा पाय हळूहळू आत शिरत होता आणि ते मला दिसत नव्हतं, कारण मी बिडी पेटवत होतो. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. मग तो ओरडला.

पस्तीस वर्षांच्या वर झाली. दत्तूने एकदाही म्हटलं नाही की नाना, फळी का नाही ठेवलीस. त्याला टपरी टाकून दिली ती गॅरेजने नाही, मी दिली. आई त्या वेळी एवढी का भांडली होती ते आता तुला कळेल. तिला वाटायचं मी दानशूरपणा करतोय. तिलाही मी हे पाच-सहा वर्षांनी सांगितलं.

तुझा तो अंगणातला रस्ता, ड्राइव्हवे, डांबरीच आहे ना? जून महिना आहे. घोडीचे पायही डांबरात शिरतात. जाड फळी घाल, प्लायवूड चालेल, पण चांगला जाड. मागच्या चाकांना दगड लाव, दोन्ही बाजूंनी. गिअर पी मध्ये, म्हणजे पार्कमध्ये, आहे म्हणून निर्धास्त राहू नको, पी फक्त मागची चाकं धरतो. पुढे कधी मागची बाजू उचललीस तर पुढची चाकं मोकळी असतात हे लक्षात ठेव. उतार असेल तर रस्त्यावर करूच नको, सपाट जागा बघ. घोड्या चासीखाली लाव, गंजलेल्या पत्र्याखाली नको. घोड्यांवर टेकवल्यावर गाडीला खांद्याने चांगला धक्का मार. हलायची असेल तर तू बाहेर असतानाच हलू दे. आणि शेजारी कोणी मोठं माणूस असेल तेव्हाच कर. ती पंजाबी बाई आहे ना, तिला खुर्ची टाकून बसव. चिमीला घरात.

हे सगळं रागावून लिहितोय असं वाटलं तर माफ कर. अक्षर माझं असंच दाबून येतं.

काल दत्तूकडे गेलो होतो. फोटो दाखवला. चष्मा लावून, मोबाईल डाव्या हाताने लांब धरून त्याने बराच वेळ बघितला. मला वाटलं ठोकळ्यांबद्दल बोलेल. म्हणाला, ‘पोरगी लेटून काम करतीया, पाठीखाली काय घातलंय का? गार लागतं.’ मग पान लावायला लागला. मी निघालो तेव्हा मागून म्हणाला, ‘फळी हाय का इचारा.’

तेवढं कळव.

तुझा,
नाना

ता. क. चेंबरचे बोल्ट १६ आहेत, मोजून डब्यात ठेव. परत आवळताना समोरासमोरचे, थोडे थोडे. व्हिडिओतला ९७ इंच-पाउंड म्हणतो, म्हणजे मनगटाने, खांद्याने नाही. आटे गेले तर मोठं काम. जुनं तेल निघेल ते मापून ठेव आणि नवं तेवढंच घाल, पाच लिटरच्या आसपास निघेल, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. पातळी बघायची ती गाडी खाली उतरवून, चाकांवर, गरम झाल्यावर, इंजिन चालू ठेवून. ब्रेक दाबून सगळे गिअर एकदा फिरवून घे, मग पी मध्ये ठेवून तेल बघायची काडी काढ. आईने मेतकूट दिलंय, बंडूचा मित्र २० तारखेला येतोय त्याच्याकडे. कृष्णेला अजून पाणी नाही.