पोरांनी सही करण्याआधी

पुणे,
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. दिवाळीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही. तू रागावला असशील, आणि ते बरोबरच आहे. माझा गुडघा आहे तसाच, साखर आटोक्यात. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं वहिनींकडून कळलं. अक्षर मोठं काढतोय, तरी तू हे पत्र त्यांच्याकडूनच वाचून घेणार हे मला माहीत आहे.

कारण आहे मध्याची पोरं आणि त्यांचा बँड. त्यांच्या नव्या गाण्यासाठी एका म्युझिक कंपनीचं करारपत्र आलंय. सहा पानं, इंग्रजीत. मध्याने ते मला व्हॉट्सॲपवर पाठवलं. चौथ्या पानावरचं कलम वाचलं आणि आपल्या अण्णांनी गाण्यांसाठी सही केलेला जुना कागद डोळ्यांसमोर आला. तेच वाक्य रे, अगदी तेच: सर्व हक्क, जगभर, कायमचे, आज असलेल्या आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक माध्यमासाठी. बदल्यात एकरकमी ७५ हजार. पोरं हरखून गेली आहेत, पुढच्या सोमवारी सही करणार म्हणतात. मध्या माझं ऐकत नाही, पोरं तर नाहीतच. तुझं ऐकतात. म्हणून तू त्यांना घरी बोलव, वहिनींच्या हातचं काहीतरी खायला घाल आणि हे पुढचं सगळं त्यांच्या गळी उतरव.

पहिली गोष्ट म्हणजे एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. शब्द आणि चाल ही एक, ध्वनिमुद्रण ही दुसरी. करारात दोन्ही एकाच वाक्यात उचलल्या आहेत. अण्णांच्या वेळी कायदा असा नव्हता. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता गीतकार-संगीतकाराने हक्क लिहून दिले तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला त्याचा बरोबरीचा वाटा सुटत नाही. तो त्याला सोडूनही देता येत नाही. फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. 'रॉयल्टीवर दावा सांगणार नाही' असं करारात लिहून घेतलं तरी ते कलम रद्दबातल. पुढे निघणाऱ्या माध्यमांचंही तसंच आहे. जे माध्यम सही करताना अस्तित्वातच नव्हतं, त्याचा करारात नाव घेऊन उल्लेख नसेल तर ते कंपनीकडे जात नाही. पण पोरांना सांग, रॉयल्टीचं हे संरक्षण शब्द आणि चालीला आहे. ध्वनिमुद्रण एकदा विकलं की विकलं. स्पॉटिफाय, जिओसावन, यूट्यूबवरून येणारा पैसा मुख्यतः ध्वनिमुद्रणाच्या मालकाला जातो. ७५ हजारांत ते ध्वनिमुद्रणच हातातून चाललंय.

आता करारात काय बदलून मागायचं ते. हक्क विकायचे नाहीत, परवाना द्यायचा, पाच वर्षांचा, फार तर सात. मुदत संपली की मुद्रण पोरांकडे परत. मुदत लिहिलीच नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत; म्हणून तर कंपनीचा वकील 'कायमचे' आणि 'जगभर' हे शब्द कधी विसरत नाही. हक्क घेऊन वर्षभरात वापरले नाहीत तर ते परत येतात, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. या करारात ते वेगळं लिहिलेलं आहे, पाचव्या पानावर, बारीक अक्षरात. ती ओळ काढायला लावायची. 'पुढची चार गाणी आधी आम्हालाच' हे कलमही काढायचं. निव्वळ उत्पन्नात निम्मा वाटा मागायचा आणि 'निव्वळ' म्हणजे कोणकोणते खर्च वजा होणार त्याची यादी करारातच हवी, त्या खर्चांची कमाल रक्कमही लिहिलेली हवी. नाहीतर व्हिडिओ, जाहिरात, कुणाचं विमानाचं तिकीट असं सगळं त्यात जातं आणि पोरांचा हिशेब जन्मभर उणे राहतो. दर तीन महिन्यांनी हिशेबाचा कागद, आणि हिशेबवह्या तपासण्याचा अधिकार. कंपनी यातलं काहीच मान्य करत नसेल तर सही करू नये. गाणं चाललंय, उद्या दुसरं कुणी येईल.

तू म्हणशील, 'शब्द दिला की झालं, कागद कशाला?' आपण यावरून मिरजेच्या स्टँडवर भांडलो होतो आणि मी आजही माझ्या जागी ठाम आहे. शब्द देणारा माणूस चांगला असतो, पण त्याच्यानंतर त्याच्या खुर्चीत बसणाऱ्याने तो शब्द ऐकलेला नसतो.

आणि कागद कंपनीशीच लागतो असं नाही. पोरांचा आपापसात तरी कुठे आहे? मध्याला विचारलं, शब्द कुणाचे? म्हणाला, सगळ्यांचे. चाल? सगळ्यांची. असं कधी असतं का रे! थोरल्याने शब्द लिहिले, चाल धाकट्याने आणि त्या की-बोर्डवाल्याने मिळून केली. मग एक पानी वाटणीपत्र करायचं. शब्द ५० टक्के थोरल्याचे, चाल २५-२५. बेरीज १०० व्हायलाच हवी. गाण्याचं नाव, प्रत्येकाचं पॅन कार्डावरचं पूर्ण नाव, टक्के, तारीख, सह्या. ध्वनिमुद्रणाची वाटणी त्याच पानावर, पण वेगळी: आधी स्टुडिओचा खर्च ज्याने केला त्याला परत, मग बँडमधल्या पाच जणांचे सारखे भाग. बाहेरून बोलावलेल्या ढोलकीवाल्याशी काय ठरलं तेही त्यात लिहायचं. वाद्य वाजवणाऱ्यालाही कायद्यात कलाकाराचे हक्क आहेत, तेव्हा त्याला मानधन देऊन त्याची लेखी संमती घ्यायची. हा कागद स्टुडिओतून निघण्यापूर्वी व्हायला हवा. गाणं चालायला लागल्यावर प्रत्येकाला आपण जास्त काम केल्याचं आठवतं.

मग आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था. थोरला, धाकटा आणि की-बोर्डवाला, तिघांनीही सभासद व्हायचं. संस्था १९६९ पासूनची आहे, २०१७ मध्ये तिची कॉपीराइट संस्था म्हणून नव्याने नोंदणी झाली. पॅन, आधार, रद्द केलेला चेक आणि प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा पुरावा जवळ ठेवावा. सगळ्यात जास्त पोरं चुकतात ती इथेच. सभासद होतात आणि पैशाची वाट बघत बसतात. नुसत्या सभासदत्वावर काही येत नाही. प्रत्येक गाणं वाटणीसह वेगळं नोंदवावं लागतं, आणि वाटणीपत्रातले टक्के अन् तिथले टक्के जुळले नाहीत तर पैसे अडकतात. गाणी ॲप्सवर चढवणारा डिस्ट्रिब्युटर फक्त ध्वनिमुद्रणाचे पैसे देतो; शब्द-चालीचे पैसे संस्थेमार्फत येतात. एकात नाव घातलं म्हणजे दुसरं आपोआप होत नाही.

डिस्ट्रिब्युटरबद्दल थोडक्यात. वर्षाची वर्गणी घेणाऱ्याकडे वर्गणी चुकली की गाणी उतरतात. एकदाच पैसे घेणाराही मिळतो, पण तो प्रत्येक गाण्याचे वेगळे घेतो किंवा उत्पन्नातून टक्के कापतो. प्रत्येक मुद्रणाला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो, तो वहीत उतरवून ठेवायचा. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी त्याच मुद्रणाला तोच क्रमांक द्यायचा, नाहीतर जमलेले ऐकणारे शून्यावर येण्याची भीती. गाणं चार आठवडे आधी चढवावं. स्पॉटिफायच्या संपादकांकडे प्लेलिस्टसाठी अर्ज प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी जायला लागतो. आणि आधीच्या १२ महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर तिथे त्या गाण्याचे पैसेच निघत नाहीत, हे २०२४ पासून आहे. म्हणजे दर महिन्याला एक कच्चं गाणं टाकण्यापेक्षा तीन महिन्यांनी एक पक्कं टाकावं. इंटरनेटवरून फुकट घेतलेला लूप, म्हणजे सुरा-तालाचा तयार तुकडा, वापरला असेल तर त्या गाण्याची यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (गाणं ओळखून आपोआप दावा लावणारी यंत्रणा) नोंद करू नका म्हणावं, तोच लूप वापरलेल्या दुसऱ्या कुणाच्या गाण्यावर खोटा दावा जातो आणि आपलं खातं अडचणीत येतं.

पण बंड्या, खरी भाकरी या महिन्यांत सुपाऱ्यांवर, म्हणजे पैसे घेऊन केलेल्या कार्यक्रमांवरच आहे. आणि हिशेब तिथेच सगळ्यात कच्चा. मध्या अभिमानाने सांगतो, पोरं ६० हजार घेतात. मांडून बघ. नाशिकहून कोल्हापूर, गाडी १२ हजार, साउंड बघणारा मुलगा ५, जेवणखाण ३, तारा-बॅटऱ्या-किरकोळ २, सुपारी आणणाऱ्याचे १० टक्के म्हणजे ६, बँडच्या खात्यात १० टक्के आणखी ६. उरले २६ हजार, पाच जणांत ५,२०० प्रत्येकी. एक रात्र प्रवासात, एक दिवस कार्यक्रमात, त्याआधीच्या तालमी वेगळ्या. आयोजक कंपनी असेल तर १० टक्के टीडीएस कापून ५४ हजारच देते. त्या दिवशी माणशी चार हजारच हातात येतात. आणि तो कापलेला सहा हजारांचा कर दिसतो कुणाच्या पॅनवर? ज्याच्या नावाने बिल दिलं त्याच्या. परतावा त्याला, वर ६० हजारांचं उत्पन्नही त्याच्याच विवरणपत्रात. सहा महिन्यांत यावरून भांडण होतं, मी अनेक ग्रुपचं बघितलंय.

उपाय एकच, भागीदारी फर्म. स्वतंत्र पॅन, चालू खातं, आणि भागीदारीपत्र नोंदवूनच घ्यायचं. १९३२ च्या कायद्याप्रमाणे वाटा लिहिला नसेल तर नफा-तोटा सगळ्यांत सारखा धरतात, मग तालमीला न येणाराही बरोबरीचा. आणि नोंदणी नसलेल्या फर्मला करारावरून आयोजकाविरुद्ध दावाच लावता येत नाही. एखादा मंडळवाला बाकी बुडवेल तेव्हा हे आठवेल. तोट्यात आणि कर्जात सगळे व्यक्तिशः जबाबदार असतात, म्हणून कर्ज काढून स्पीकर घेण्याचा त्यांचा बेत तूर्त थांबव. बँड सोडून जाणाऱ्याने नाव वापरायचं नाही, हेही त्याच पत्रात लिहायचं. नावाची ट्रेडमार्क नोंदणी ४१ व्या, म्हणजे मनोरंजनाच्या वर्गात करावी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर ऑनलाइन शुल्क ४,५०० रुपये, नसेल तर फर्मला ९,०००. आपल्या जुन्या ग्रुपच्या नावाचा बोर्ड कुणी ठेवायचा यावरून काय झालं ते तुला सांगायला नको. ४,५०० रुपयांत मिटलं असतं.

जीएसटीची मर्यादा २० लाख, पण ती एकूण बिलांची, खर्च वजा जाता नव्हे. ६० हजारांचे ३४ कार्यक्रम झाले की ओलांडली, हातात काही उरो न उरो. तेव्हापासून दर सांगताना 'अधिक जीएसटी' म्हणायचं, नाहीतर १८ टक्के पोरांच्या खिशातून. शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सूट आहे, पण यांचं ड्रम-गिटारचं मिश्रण त्यात बसेल असं धरून चालू नये. सीएला विचारावं.

सुपारी घेतानाचा कागद एका पानाचाच असावा. तारीख अडवायला निम्मी रक्कम आगाऊ, ती आल्याशिवाय पोस्टरवर नाव नाही. उरलेली साउंड चेक संपण्याआधी. कार्यक्रम झाल्यावर आयोजक सापडत नाही. कार्यक्रमाला ७२ तासांहून कमी उरले असताना रद्द झालं तर ७५ टक्के देणं लागेल. पोलिसांची लाउडस्पीकरची परवानगी आणि दुसऱ्यांची गाणी गायची असतील तर त्यांचा परवाना ही आयोजकाची जबाबदारी, असं स्पष्ट लिहायचं. उघड्या मैदानात रात्री दहाला स्पीकर बंद. सरकार वर्षाला फार तर १५ दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं. आता आपल्याकडे सत्कार किती चालतात ते तुला ठाऊक आहे. साडेसातचा कार्यक्रम नऊला सुरू होतो आणि दहाला बंद करा म्हणतात. म्हणून वाक्य हवं: ठरलेल्या वेळेपासून वेळ मोजली जाईल, उशिरामुळे कार्यक्रम लहान झाला तरी मानधन कमी होणार नाही. सोबत साउंडची यादी: गाण्याचे माइक दोन, ढोलकीला दोन, ड्रम किटला चार, गिटार आणि बेसला एकेक डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडणारी डबी), की-बोर्डला दोन, १६ चॅनलचा मिक्सर, मॉनिटर चार. जनरेटर असेल तर अर्थिंग आणि स्टॅबिलायझर लिहूनच मागायचं. व्होल्टेज उसळलं की आधी की-बोर्डचा अडॅप्टर जातो आणि तो तालुक्याच्या गावी रात्री मिळत नाही.

इतकं लिहून झालं आणि तुझ्याबद्दल काही विचारलंच नाही. छोटीच्या ॲडमिशनचं कुठे जमलं? घराच्या गळतीचं काम पावसाआधी उरकून घे. बाळ्या भेटला होता, दम्याने थकलाय, पण ताल तसाच. तुझी आठवण काढली, शिव्यांसकट.

सोमवारच्या आत पोरांना बोलव. करारपत्र छापून ठेव, चौथं आणि पाचवं पान त्यांच्याकडूनच मोठ्याने वाचून घे. वकिलाची फी मी भरतो म्हणून सांग, मध्याला मात्र सांगू नकोस, मनाला लावून घेईल. सहीसाठी आठ दिवसांची मुदत मागायला लाव. कंपनी चिडत नाही, मुदत मागणं रोजचं असतं. गुरुवारी रात्री नऊनंतर फोन करतो, तोपर्यंत काय झालं ते लिहून ठेव.

वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
दिनू

ता. क. वाटणीपत्राचा मराठी नमुना वेगळ्या कागदावर लिहून याच पाकिटात घातलाय. त्याच्या पाच झेरॉक्स काढ.