२४ पैकी ९

प्रिय मन्या,

पत्र मिळालं. पत्र कसलं, टोमणाच तो. 'ज्या बास्केटबॉल मॅचचे तू इतकी वर्षं गोडवे गातोयस, तिचा बॉक्स स्कोअर, म्हणजे आकड्यांचा तक्ता, काढून बघितला. तुझ्या लेब्रॉन जेम्सने २४ शॉटपैकी ९ घातले, लांबून मारायचे थ्री पॉइंटर ५ पैकी १. हा तुझा हिरो?' आणि खाली दोन ठसठशीत रेघा! त्या बघून टेबलावर ओणवा होऊन आपल्या मॅचच्या आकड्यांची वही भरणारा तू डोळ्यांपुढे आलास. फाउलनंतरच्या फ्री थ्रोसाठी गोल काढायचा, गेला तर भरायचा, नाही तर पोकळ ठेवायचा. कान उपटला तरी तुझी नजर हलायची नाही.

आकडे तुझे बरोबर आहेत. १९ जून २०१६, ओकलंड, एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या फायनलचा सातवा सामना, लेब्रॉनचं क्लीव्हलंड ९३, गोल्डन स्टेट ८९. तीच ओळ पुढे वाचली असतीस तर २७ पॉइंट, ११ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू), ११ असिस्ट (ज्यांवर बास्केट झाली असे पास) दिसले असते. पण ते जाऊ दे. समोरच्या ड्रेमंड ग्रीनची ओळ बघ: १५ पैकी ११, त्यात थ्री पॉइंटर ८ पैकी ६, एकूण ३२ पॉइंट, १५ रिबाउंड, ९ असिस्ट. तुझ्या हिशेबाने तर त्या रात्रीचा राजा तोच. आणि तो हरला.

आता शेवटच्या पाच मिनिटांकडे ये. ४ मिनिटं ३९ सेकंद उरली असताना ८९-८९ झाले, आणि मग दोन्ही टीमना बास्केटच मिळेना. तुझ्या कागदावर हा काळ म्हणजे 'हुकला, हुकला, हुकला', झालं. याच काळात गोल्डन स्टेटचा इग्वडाला मोकळ्या मैदानातून ले-अपला, म्हणजे बास्केटजवळच्या सोप्या शॉटला, निघाला. क्लीव्हलंडचा जे. आर. स्मिथ आडवा आला, त्याला चुकवायला इग्वडालाने चेंडू हवेत क्षणभर धरला, आणि त्या क्षणभरात मागून धावत आलेल्या लेब्रॉनने तो बोर्डावर दाबला. कागदावर काय? लेब्रॉन, ब्लॉक, एक. दुसऱ्या क्वार्टरमधल्या एखाद्या किरकोळ ब्लॉकचाही एकच. आणि ज्याच्यामुळे तो क्षण मिळाला, त्या स्मिथच्या खात्यात काहीच नाही. हात लागला नाही ना!

मग ५३ सेकंद उरले असताना क्लीव्हलंडच्या कायरी अर्विंगने थ्री पॉइंटर मारला. तो सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या नंतरचा डाव जास्त आवडतो. गोल्डन स्टेटच्या चपळ करीसमोर क्लीव्हलंडचा केव्हिन लव्ह आला. असा जाडजूड गडी करीसमोर सापडला म्हणजे शिकारच. करी डावीकडे गेला, उजवीकडे गेला, मागे सरकला, पुन्हा आला. लव्ह हात वर करून, पाय घासत, समोरच. शेवटी करीने मारलेला शॉट हुकला. 'करी, हुकला' एवढंच लिहिलं गेलं. लव्हच्या ओळीत ९ पॉइंट दिसतील, तू त्याला नापासच करशील. पण अगदी शेवटच्या रकान्यात, प्लस-मायनसमध्ये, बघ: अधिक १९. तो मैदानावर असताना क्लीव्हलंडने समोरच्यांपेक्षा १९ जास्त केले. मॅच जिंकली ४ ने. म्हणजे तो बाकावर होता तेवढ्या वेळात टीम १५ ने मागे पडली! एका मॅचचा प्लस-मायनस बेभरवशाचा असतो, मान्य. सोबत कोण खेळतंय त्यावर तो हेलकावे खातो. पण त्या रात्री तो खोटं बोलला नाही.

तू म्हणशील, मग कागद फाडून टाकू? नाही रे. जुन्या जमान्यातल्या विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला हर्शी गावात १०० पॉइंट केले, त्याचं चित्रीकरण नाही. आहे ती नोंद: ६३ पैकी ३६, फ्री थ्रो ३२ पैकी २८. हार्वी पोलॅक नावाचा माणूस आकडे लिहीत होता म्हणून ती रात्र उरली. पण त्याच विल्टच्या नावावर अधिकृत ब्लॉक शून्य. त्याच्याच काळातल्या बिल रसेलच्याही. एनबीए ब्लॉक आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) मोजायला लागली १९७३-७४ पासून, तोवर दोघंही निवृत्त. चेंडू अडवण्यात ज्यांचा हात धरणारा नव्हता, त्यांच्या रकान्यात काही नाही, कारण रकानाच नव्हता. म्हणून मी आधी विचारतो, हे मोजलं कोणी आणि केव्हापासून.

आणि रकाना असला की माणूस त्याच्यासाठी काय काय करतो! २००३ च्या मार्चमध्ये क्लीव्हलंडच्याच रिकी डेव्हिसला ट्रिपल-डबलला, म्हणजे तीन रकान्यांत दहा-दहा भरायला, एक रिबाउंड कमी पडत होता. मॅच खिशात होती. पठ्ठ्याने आपल्याच रिंगवर चेंडू मारून स्वतःच झेलला. तो रिबाउंड धरलाच नाही, कारण आपल्या बास्केटवर मारलेला शॉट हा शॉटच नव्हे. वर टीमने दंड ठोकला. उलट टोनी स्नेल २०१७ मध्ये २८ मिनिटं खेळला आणि पॉइंट, रिबाउंड, असिस्ट, स्टील, ब्लॉक, सगळीकडे शून्य. त्याच्यावर लोक अजून हसतात. मला मात्र तो भला माणूस वाटतो.

आता मूळ दुखणं. आपली ती शेवटची मॅच. मी बोर्डाखाली पास दिला, घेणाऱ्याने एक टप्पा टाकला आणि बास्केट केली. तू असिस्ट लिहिला नाहीस. 'टप्पा टाकला ना,' म्हणालास. अरे, असिस्ट द्यायचा की नाही हे लिहिणाऱ्याच्या नजरेवर असतं, एका टप्प्याने तो बुडत नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, म्हणून गप्प बसलो.

ती वही तुझ्याकडेच असणार, तू काही टाकत नाहीस. पेन्सिलनेच लिहायचास ना? भेटू तेव्हा घेऊन ये. खोडायचं काही नाही, नुसता एक वाढवायचा आहे.

तुझा,
सुऱ्या