नवा लॅपटॉप घ्यायला न लावणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

कुठेही नाव घालू नकोस ही तुमची अट पाळतो आहे. आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. जुन्या लॅपटॉपवर ४के (खूप जास्त पिक्सेलचे) व्हिडिओ उघडून हैराण झालेले लोक पुष्कळ असतात आणि त्यांना बहुधा एकच सल्ला मिळतो: नवीन घ्या. मलाही तोच मिळत होता. फार तर कोणी म्हणे रॅम वाढव, कोणी म्हणे एसएसडी टाक. तुम्ही काहीच सुचवलं नाहीत. उलट विचारलंत, "नेमकी कुठली क्लिप अडकते?"

आमच्या नाटकाचा प्रयोग आमच्यातल्याच काही जणांनी आपापल्या फोनवर टिपला होता. सगळं ४के. माझा लॅपटॉप इंटेलच्या सहाव्या पिढीचा, म्हणजे २०१५च्या सुमाराचा. त्या जोडून एक व्हिडिओ करायला एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये क्लिपा लावल्या की चित्र गोठायचं, संवाद पुढे निघून जायचे आणि पंखा असा घोंघावायचा की बाजूच्या खोलीतून विचारणा व्हायची. तुमच्या सांगण्यावरून एकेक क्लिप साध्या प्लेअरमध्ये वेगळी चालवली, तर निम्म्याअधिक क्लिपा विनातक्रार चालल्या! पिक्सेल तेवढेच, फ्रेमचा वेगही तोच. मग दोष ४केच्या माथी कसा मारायचा?

उत्तर मीडियाइन्फोमध्ये, म्हणजे व्हिडिओ फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सापडलं. तोवर हे सॉफ्टवेअर असतं हेही मला माहीत नव्हतं. चालणारी फाइल एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करण्याची एक पद्धत), अडकणारीही एच.२६५. फरक खालच्या एका ओळीत होता: पहिली ८-बिट, दुसरी १०-बिट (रंगांच्या जास्त बारीक छटा साठवणारी). दुसरी एका नव्याकोऱ्या फोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी सोय) चालू ठेवून घेतलेली होती. सहाव्या पिढीच्या चिपमध्ये ८-बिट एच.२६५ उलगडायला स्वतंत्र सर्किट आहे; १०-बिटचं पूर्ण काम करणारं सर्किट सातव्या पिढीत, २०१६मध्ये आलं. अवघ्या एका पिढीने हुकलं. सर्किट नाही म्हटल्यावर तोच भार मुख्य प्रोसेसरवर येतो, तो शंभर टक्क्यांना भिडतो, तापतो आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. टास्क मॅनेजरमध्ये हे डोळ्यांनी दिसलं. ८-बिट क्लिप लावली की जीपीयूच्या (चित्र हाताळणाऱ्या चिपच्या) पानावरचा 'व्हिडिओ डिकोड'चा, म्हणजे फाइल उलगडण्याचा आलेख वर चढायचा. १०-बिट लावली की तो तळाशी पडून राहायचा आणि प्रोसेसरचा आलेख छताला टेकायचा. डिस्क दोन्ही वेळा जवळजवळ निवांत. फोनवरची अशी ४के फाइल सेकंदाला साधारण सहा-सात एमबी मागते, आणि जुनी हार्ड डिस्कसुद्धा सलग वाचताना त्याच्या दसपट सहज देते. एसएसडीने लॅपटॉप लवकर सुरू झाला असता, पण ही क्लिप होती तिथेच अडकली असती.

एक कोडं तरीही उरलं होतं. प्लेअरमध्ये सुरळीत चालणाऱ्या क्लिपाही एडिटिंगच्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीने मांडायच्या पट्टीवर) आल्या की का कुथतात? त्यावर तुम्ही नाटकाच्या संहितेचाच दाखला दिलात. पहिलं पान पूर्ण लिहिलेलं आणि पुढच्या प्रत्येक पानावर फक्त 'मागच्यासारखंच, तिसरी ओळ बदला' अशी टीप, असं बाड हातात आलं तर ओळीने वाचणाऱ्याचं अडत नाही. पण मधलंच पान उघडणाऱ्याला मागे जाऊन सगळ्या टिपा जुळवत यावं लागतं. एच.२६४ (आधीची पद्धत) आणि एच.२६५च्या बहुतेक फाइली अशाच लिहिलेल्या असतात. पूर्ण चित्र अधूनमधून एखादंच, बाकी नुसते फरक. प्लेअर ओळीने वाचतो. एडिटिंग म्हणजे सतत मधलं पान उघडणं, कधी उलटं सरकणं, कधी दोन बाडं एकदम वाचणं. शिवाय काही एडिटिंग सॉफ्टवेअर ते डिकोडचं सर्किट वापरतच नाहीत, ही तुम्ही जाता जाता दिलेली पुस्ती. त्या दिवशी मला प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी नक्कल) काय आणि का हे एकदम कळलं. त्याआधी वाचलेल्या पायऱ्या नुसत्या पाठ होत्या.

केडेनलाइव्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी चालू केली. प्रत्येक क्लिपची ९६० बाय ५४०ची हलकी नक्कल तयार झाली. ४केच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल, या नकलेत पाच लाखांच्या आसपास, सोळावा हिस्सा. माझा स्क्रीनच १३६६ बाय ७६८चा, म्हणजे साडेदहा लाख पिक्सेलचा. प्रिव्ह्यूच्या छोट्या चौकटीत मूळ फाइल पाहण्याचा हट्ट तसाही फुकटच होता. नकला बनायला वेळ लागला हे खरं. रात्री लावून झोपलो. सकाळी टाइमलाइनवर बोट फिरवलं तर चित्र बोटाबरोबर मागेपुढे होत होतं. अंतिम रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणं) मूळ ४के फाइलींवरूनच होतो, नकला तिथे आपोआप बाजूला होतात. मूळ फाइलींची नावं मध्येच बदलायची नाहीत हे तुम्ही दोनदा बजावलंत, ते बरं केलंत.

आणखी एका गोष्टीचे आभार, कारण ती कोणी सांगत नाही. प्रिव्ह्यूचं रेझोल्यूशन अर्ध्यावर आणा, हा सल्ला सगळीकडे मिळतो. तुम्ही म्हणालात, मूळ फाइल लावली असेल तर फ्रेम आधी पूर्ण उलगडावीच लागते, लहान होते ती त्यानंतर. इफेक्टांचा भार कमी होतो, डिकोडचा नाही. मी ताडून पाहिलं. रंग दुरुस्त केलेल्या क्लिपला फरक पडला, नुसत्या कापलेल्या क्लिपला जवळपास शून्य.

आवाजाचं दुखणं वेगळंच निघालं. फोन बऱ्याचदा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाहीत. उजेड कमी-जास्त झाला, फोन तापला की वेग हलतो. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र बहुधा वेग कायम आहे असं धरून चालतं आणि लांब क्लिपच्या शेवटाला ओठ आणि संवाद यांची फारकत होते. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर फ्रेमरेट निवडून त्या क्लिपा नव्याने काढल्या. प्रॉक्सी बनवायच्या आधी, हा क्रम तुमचाच. दर्जा थोडा उतरतो, पण रंगमंचाच्या काळोखात तो कोणाला दिसणार!

तुमचा सगळाच सल्ला मी ऐकला असं नाही. पुढच्या वेळी सरळ १०८०वर (४केच्या चौथाई पिक्सेलवर) चित्रीकरण करा, असं तुम्ही सुचवलंत. एचडीआर बंद ठेवायला मी सगळ्यांना सांगितलंय, पण ४के सोडवत नाही. एकाच जागी उभ्या केलेल्या फोनच्या ४के चित्रातून रंगमंचाचा डावा कोपरा कापून घेतला, तरी १०८०चं पूर्ण चित्र हाती राहतं. दुसरा कॅमेरा नसलेल्यांना ही चैन सोडणं जड जातं.

पूर्ण फाइल तुम्हाला आज पाठवतो आहे. दुसऱ्या अंकात जिथे दिवे जातात आणि अंधारात नुसता संवाद चालतो, तिथे आवाज मला एखाद-दुसऱ्या फ्रेमने मागे वाटतो. ओठ दिसत नाहीत, त्यामुळे खात्री करता येत नाही. दिवे परत येतात त्या क्षणापासून पुढचं एकदा पाहाल का? तिथे जुळत असेल तर मी पुन्हा हात लावणार नाही.

तुमचा,
नाटकवाल्यांपैकी एक