विमानाच्या शेपटीवरची लांबी

भोसरी, पुणे
नवरात्रातली सातवी माळ

प्रिय बापू,

सप्रेम नमस्कार.

नऊ महिने झाले, माझ्याकडून तुला ना पत्र, ना फोन. नातवाच्या बारशाला आलो नाही आणि का आलो नाही तेही कळवलं नाही. तू रागावला आहेस हे वहिनींकडून आमच्या हिला कळलं. राग बरोबर आहे, त्याचं पुढे लिहितो. आज बसलोय ते वेगळ्याच गोष्टीसाठी. हिला सांगितली तर म्हणाली, "रंगच ना बिघडलाय? परत मारायचा." थोरलाही तेच म्हणाला. तेव्हा म्हटलं, हे बापूलाच लिहायला हवं.

तब्येत ठीक. साखर ताब्यात आहे, जिना चढताना गुडघा दुखतो. हिचं बरं आहे.

तर, छोटूने विमान रंगवलं.

हो, आपल्याच छोटूने. चाकणला कारखाना असलेले एक साहेब आहेत, त्यांच्या दोन जुन्या गाड्या मी रंगवल्या होत्या. त्यांनी हौसेने एक जुनं सेस्ना १७२ घेतलंय, चार माणसांचं. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला: रंग उडालाय, चांगला हात असलेला कुणी आहे का? मी छोटूचं नाव सांगितलं. नुसतं नाव नाही, शब्द टाकला. "अकरा वर्षं माझ्या हाताखाली होता, डोळे मिटून द्या," असं म्हणालो. तेच वाक्य आता रात्री झोपू देत नाही.

विमान पुण्यापासून दोन-अडीच तासांवरच्या एका धावपट्टीवर असतं. गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं की तू पत्र अर्धं टाकून तिथे फोन लावशील, मला ठाऊक आहे.

काम झालं ते ऐन आषाढात, एका बाजूने उघड्या शेडमध्ये. हे वाचूनच तू कपाळाला हात लावला असशील. रंग घट्ट करणाऱ्या हार्डनरला रंगापेक्षा पाण्याची ओढ जास्त, हे तू, विमानं रंगवणारा, मला कितीदा सांगितलंस! त्यातलं आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याला भेटलं की वायू सुटतो आणि रंगात बुडबुडे राहतात. आम्ही गाड्यांना रंगाच्या बंद बूथमध्ये गरम हवा देतो, त्यामुळे पोराला पावसाचं भय असं कधी कळलंच नाही. तिथल्या इंजिनीअर बाई तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होत्या. कागदावर देखरेख दुसऱ्या कुणाची होती, तो माणूस दोनदा येऊन गेला म्हणे. बाई परत आल्या, त्यांनी विमान पाहिलं आणि सही करायला साफ नकार दिला. ती सही नाही तर उड्डाण नाही. साहेबांना वाटलं, बाई उगाच अडवताहेत. म्हणून मला नेलं, की नाना, तुम्ही जाणकार, तुम्ही त्यांना समजावा.

बापू, मी समजवायच्या तयारीनेच गेलो होतो.

शेडच्या दारातून पाहिलं तर डोळे निवले. पांढरंशुभ्र अंग, त्यावर गडद निळा पट्टा, व्हीटीची नोंदणीची अक्षरं एका ओळीत. छाती भरून आली. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी माझ्या हातात विजेरी दिली फक्त. तिरका उजेड टाकला आणि पोटाखाली ओघळ दिसले, पंखावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रंग, ठिकठिकाणी टाचणीच्या टोकाएवढी भोकं. इथवर माझा धीर होता. हे घासून निघतं. मग त्यांनी पत्र्याच्या एका सांध्याच्या कडेला बारीक चौकटी कापल्या होत्या ती जागा दाखवली, त्यावर टेप दाबली आणि ओढली. रंग प्रायमरसकट टेपबरोबर आला, भाजलेल्या वांग्याचं साल निघावं तसा. आणि खाली काय, तर लख्ख चंदेरी पत्रा! सोनेरी झाक कुठेच नाही. अलोडाईन केलंच नव्हतं, म्हणजे प्रायमर धरावा म्हणून पत्र्याला देतात ते सोनेरी झाकेचं रसायन. ॲल्युमिनियम उघडं पडल्या पडल्या त्यावर अदृश्य साय धरते आणि त्या सायीवर प्रायमर बसत नाही, हे तू सांगायचास तेव्हा मी म्हणायचो, आमच्या लोखंडाला बरं चालतं.

जुना रंग काढायच्या स्ट्रिपरनंतर धुणंही नीट झालं नव्हतं. दोन सांध्यांतून रंगाखाली दोऱ्यासारख्या रेघा निघाल्या आहेत, पावसाळ्यात गांडुळं मातीवर रेघा ओढतात ना, हुबेहूब तशा. बाई म्हणाल्या, गंज चालू झालाय, आणि तो रंगाच्या आतून चालतो.

दाराच्या पुढे डाव्या अंगाला स्टॅटिकचं भोक असतं, उंची-वेगाच्या काट्यांना बाहेरच्या हवेचा दाब देणारं. ते शोधायला मला विजेरी लागली. टेप लावली होती, पण ती काढल्यावर वरून पुन्हा एक हात मारलेला, त्यात ते अर्धं बुजलं होतं. तू सांगितलेलं पेरू देशाचं ते विमान मला तिथेच आठवलं. १९९६ साली धुण्यासाठी त्या भोकांवर लावलेली टेप काढायची राहिली, रात्री समुद्रावर उंची-वेग सगळं खोटं दिसू लागलं आणि सत्तर माणसं गेली. ते तू सांगत होतास तेव्हा मी मटकीची उसळ वाढून घेत होतो.

पट्ट्याची कड धारदार यावी म्हणून पोराने टेप विमानावरच ब्लेडने कापली. कड सुंदर आली आहे. पण पत्र्यावर पूर्ण लांबीभर ओरखडा. काही ठिकाणी तो पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा, त्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचा जो पातळ थर असतो तो तर कापला गेलाच, पण ओरखडा त्याच्याही खाली गेलाय की नाही हे कुणी सांगू शकत नाही. असल्या रेघेतूनच पुढे तडा जातो. टेप कुणी ब्लेडने कापायला शिकवली? मी. बोनेटवर तसंच करतो आम्ही, आणि बोनेटला काही होत नाही.

आता खरं सांगतो. एलेव्हेटरचं, शेपटीवरच्या, नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाचं.

त्या पन्हाळी पत्र्याच्या मागच्या कडेला पूर्वीचे दोन पोचे होते. बाईंनी विचारलं, "इथे काही जाणवतंय का?" मी बोट फिरवलं. काही जाणवलं नाही. पुन्हा डोळे मिटून फिरवलं, तेव्हा कुठे कळलं की आत लांबी आहे, पोचा बुजवायची पुट्टी. बापू, इतकी सुरेख लांबी मी गेल्या दहा वर्षांत पाहिली नाही. कड अशी उतरवली होती की कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते बोटाला लागत नव्हतं. अख्ख्या विमानावर सर्वांत चांगलं काम तेवढंच, आणि सर्वांत घातक कामही तेच. बिजागरीच्या मागे एवढं वजन! खालची पाणी निथळायची भोकंही रंगाने बंद. एलेव्हेटर उतरवून तोललं नाही, पंखांवरचे हलते एलेरॉनही नाहीत, आणि रंगानंतर विमान वजनकाट्यावरही चढवलं नाही. वेगात ती शेपटी फडफडू लागली तर वैमानिकाच्या हाती काही उरत नाही, हे मला बाईंनी दोन वाक्यांत सांगितलं. तू वीस वर्षं सांगत होतास.

ओझरच्या विमान कारखान्याच्या तुझ्या क्वार्टरच्या गच्चीवरचं भांडण आठवतंय ना? तू म्हणालास, "तुम्ही गाडीवाले, रंगरंगोटी करता." मी म्हणालो, "रंगाला कुठे वजन असतं का?" त्यावर तू ते अमेरिकेच्या अंतराळयानाच्या टाकीचं काढलंस. १९८१ च्या पहिल्या दोन उड्डाणांना टाकी पांढरी रंगवली, पुढे रंग सोडून दिला आणि तेवढ्यानेच २७० किलोच्या आसपास वजन वाचलं. मी म्हणालो की बापू थापा मारतोय, आणि रात्रीच्या एसटीने पुण्याला निघून आलो. पुढचे सहा महिने आपण बोललो नव्हतो. मग तू दिवाळीत तुझी राखाडी स्कूटर घेऊन आलास, लढाऊ विमानासारखीच रंगवलेली, आणि स्वारगेटच्या पार्किंगमध्ये ती तुझी तुलाच सापडेना! तेव्हा आपले मास्तर म्हणाले होते, रंग पास झाला. अजून हसू येतं. ती आहे का रे?

तर मी त्या शेडमध्ये उभा. साहेब म्हणाले, "नाना, घासून वरून एक हात मारून द्या, खर्च मी करतो." मी नाही म्हणालो. ज्याला खाली पकडच नाही त्यावर आणखी थर म्हणजे फक्त वजन. सगळं अंग उघडं करायला हवं. काचा झाकून, कारण त्या ॲक्रिलिकच्या, स्ट्रिपर लागला की जाळी पडते. पंखांची टोकं फायबरची, ती हातानेच घासायची. कोपरे धुऊन सुकवायचे, गंज काढायचा, ब्लेडची प्रत्येक रेघ तपासायची, मग अलोडाईन, प्रायमर, रंग, आणि शेवटी तोल. दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत. साहेब बराच वेळ गप्प होते. मग बाईंना म्हणाले, "मॅडम, माझी चूक झाली." ते मोठे झाले माझ्या नजरेत. पण निघताना मला म्हणाले, पोरावर तक्रार करणार, दिलेले पैसे परत घेणार.

आणि पोराने मोशीला बूथसाठी कर्ज काढलंय, बापू. मार्चपासून हप्ते चालू आहेत. मी चार दिवसांपूर्वी त्याच्याकडे गेलो. अंगणातच बोललो, कारण आत त्याची आई झोपली होती. सगळं सांगितलं. तो ऐकत होता, बोलत नव्हता. लांबीचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाला, "नाना, तुम्हीच म्हणायचात, पोचा दिसला की कारागीर दिसला." म्हणायचो मी तसं. रोज म्हणायचो. मग तो आत गेला तो बाहेर आला नाही. तेव्हापासून फोन उचलत नाही.

त्याने विचारायला हवं होतं हे खरं आहे. विमानाचं पुस्तक असतं, तिथे माणसं असतात. पण विचारावं लागतं हे त्याला कुणी शिकवलं? माझ्याकडे कुणी प्रश्न विचारला की मी त्याच्या हातातली रंगाची गन घेऊन करून दाखवायचो. तुझ्याकडे प्रत्येक भोकाची नोंद व्हायची, किती टेपा लावल्या आणि किती काढल्या त्याची मोजणी व्हायची. मी त्याला चेष्टेने किराणा मालाची यादी म्हणायचो.

साहेबांना मी सांगितलंय की रंग उतरवायची मजुरी माझी, ती मी घेणार नाही. सामानाला माझ्या मुदतठेवीतले काही देईन. हिला अजून सांगितलेलं नाही. तक्रार दिवाळीपर्यंत थांबवायला ते तयार झालेत, एका अटीवर: काम पूर्णपणे बाईंच्या हाताखाली. ती अट मला मान्य आहे. माझं एवढंच म्हणणं की छोटूनेही त्यात उभं राहावं. मला ते विमान त्याच्या हातून नीट झालेलं हवंय. नाही तर तो उद्या कुणा दुसऱ्याच्या एलेव्हेटरवर तशीच देखणी लांबी भरेल, किंवा गन कायमची खाली ठेवेल. दोन्ही मला नको आहे.

आता बारशाचं. मी त्या दिवशी शिवाजीनगरला बसमध्ये बसलो होतो. गुडघ्याने उतरवलं, आणि ते सांगायची लाज वाटली. नातवाचं नाव काय ठेवलं तेही मला हिच्याकडून कळलं. छान नाव आहे. सूनबाईंची परीक्षा झाली का? द्राक्षाच्या बागेचं काय केलंस? धाकट्याला सांग, त्याची बदली पुण्याला झाली तर वरची खोली रिकामी आहे, भाडं विचारायचं नाही. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं ते बरं झालं. इथे विश्रांतवाडीला गेलो की लोहगावची सुखोई डोक्यावरून जाते, तेव्हा कान झाकायच्या आधी मी वर बघतो, ही बापूच्या हातची असेल का म्हणून.

तू दिवाळीनंतर चार दिवस ये. बाईंना तुझ्याबद्दल सांगितलंय, त्यांनी लगेच वहीत तुझं नाव लिहून घेतलं. मिसळ तुझ्या नाशिकचीच चांगली, हे मी तुझ्यासमोर, साक्षीदार बोलावून कबूल करतो. पण त्याआधी एकदा छोटूला फोन कर. माझा उचलत नाही, तुझा उचलेल, तू त्याला पहिली गन दिली होतीस. रागावू नकोस त्याच्यावर. अलोडाईन म्हणजे काय, तेवढंच सांग.

आणि येताना तुझं ते दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन ये. निळ्या पट्ट्याच्या कडेच्या सगळ्या रेघा बघायच्या आहेत, दोन्ही अंगांनी, नाकापासून शेपटीपर्यंत.

तुझा,
नाना